वाजवणाऱ्यानं शिकवायला कधी शिकायचं?

अमेरिकेतल्या संगीत महाविद्यालयांत जानेवारी-फेब्रुवारी हे ऑडिशनचे महिने. पियानोच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करणाऱ्यांनी आधी व्हिडिओ पाठवलेले असतात, त्यांतून निवडलेल्यांना प्रत्यक्ष बोलावणं येतं. मागणी साधारण ठरलेली असते. बाखचा एक प्रेल्यूड आणि फ्यूग, हायडन, मोझार्ट किंवा बेथोवनचा एक संपूर्ण सोनाटा, शोपां किंवा लिस्टच्या काळातली एखादी मोठी रचना, विसाव्या शतकातलं किंवा त्यानंतरचं काहीतरी, आणि पुष्कळ ठिकाणी एखादं अवघड एत्यूद. सगळं पाठ. प्राध्यापक मध्येच थांबवतात, ‘आता सोनाट्याचा दुसरा भाग’ म्हणतात, आणि वर्षानुवर्षांच्या रियाजाचा निवाडा थोड्या मिनिटांत होतो. त्या खोलीत उमेदवाराची बोटं, कान, स्मरणशक्ती, धीर हे सगळं पाहिलं जातं. पुढचं आयुष्य तो ज्या कामावर काढणार आहे, त्याबद्दल मात्र तिथे बहुधा कुणी विचारत नाही. तो शिकवणार असतो.

पियानोवादनात एम. एम. म्हणजे मास्टर ऑफ म्युझिक किंवा डी. एम. ए. म्हणजे डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स केलेले फार थोडे जण केवळ मैफिलींवर जगतात. बाकीचे विद्यापीठात, शाळेत, चर्चमध्ये किंवा घरच्या बैठकीच्या खोलीत शिकवतात. असं असूनही शिकवणं ही वादन न जमलेल्यांची दुय्यम वाट आहे, हा समज संगीत महाविद्यालयांत अजून टिकून आहे. मला तो चुकीचा वाटतो, आणि गेल्या दोनशे वर्षांचा पियानोचा इतिहासही त्याच्या बाजूनं साक्ष देत नाही.

पॅरिसचं कॉन्झर्व्हेटॉर 1795 चं. मेंडेल्सझोननं लाइपझिगला 1843 मध्ये संस्था काढली. रुबिनस्टाइन बंधूंपैकी आंतोननं सेंट पीटर्सबर्गला 1862 मध्ये आणि निकोलायनं मॉस्कोला 1866 मध्ये. बुडापेस्टची अकादमी 1875 ची, लिस्टच्या पुढाकारातली. या सगळ्या संस्था उभ्या राहिल्या, तरी विद्या चालत होती ती आपल्या घराण्यांसारखी, गुरूकडून शिष्याकडे. बेथोवनकडे चेर्नी शिकला, चेर्नीकडे लिस्ट आणि लेशेटित्स्की, लेशेटित्स्कीकडे पादरेव्स्की आणि श्नाबेल. व्हिएन्नात लेशेटित्स्कीकडे जगभरातून विद्यार्थी येत, पण प्रत्येकाला त्याच्यासमोर थेट बसता येत नसे. हाताची बैठक, बोटांची तयारी हे आधी त्याच्या सहायकांकडे घोटून घ्यावं लागे. त्यांतल्या मालविन ब्रे या बाईंनी त्याच्या पद्धतीवर पुस्तकही लिहिलं. म्हणजे पाया घालण्याचं काम त्याही काळी कुणीतरी जाणतेपणानं करत होतं. नाव मात्र शिखराचं झालं.

बेला बार्टोक 1907 पासून 1934 पर्यंत बुडापेस्टच्या अकादमीत पियानो शिकवत होता. रचनाशास्त्र शिकवायला त्यानं नकार दिला, पियानो मात्र शिकवला. 1926 ते 1939 या काळात त्यानं ‘मिक्रोकॉस्मॉस’ रचलं. सहा भाग, 153 रचना. पहिल्या पानावर दोन्ही हात एकच सुरावट वाजवतात, आणि शेवटच्या भागात बल्गेरियन लयीतले असे नाच आहेत की मैफिलीतले वादकही ते जपून हाताळतात. पहिल्या दिवशी पियानोसमोर बसलेल्या मुलाला उद्या कुठे पोहोचायचं आहे, हे ठाऊक असलेल्या माणसानंच ते लिहिलं आहे.

रशियानं ही जाण पद्धतशीरपणे अभ्यासक्रमात घातली. तिथल्या कॉन्झर्व्हेटरीत वादनाच्या विद्यार्थ्याला अध्यापनपद्धती हा विषय घ्यावाच लागतो, आणि प्रत्यक्ष शिष्य देऊन शिकवण्याचा सरावही करावा लागतो. रिख्टर आणि गिलेल्स हे नामवंत पियानोवादक तिथल्याच हाइनरिख नेउहाउसचे शिष्य. त्याचं 1958 मध्ये आलेलं पियानोवादनाच्या कलेवरचं पुस्तक आजही अनेक देशांतल्या विद्यार्थ्यांच्या हाती असतं.

अमेरिकेची वाट वेगळी. तिथे संगीत विद्यापीठात शिरलं आणि पदव्यांची उतरंड तयार झाली. न्यूयॉर्कमधल्या ज्युलियार्डचं मूळ 1905 चं, रॉचेस्टरमधलं ईस्टमन 1921 चं, फिलाडेल्फियातलं कर्टिस 1924 चं. कर्टिसमध्ये 1928 पासून शिकवणीचं शुल्कच घेत नाहीत. डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स ही पदवी विसाव्या शतकाच्या मध्यावर रुळली, आणि त्यात ईस्टमन आघाडीवर होतं. एम. एम. सहसा दोन वर्षांचं असतं. तासाभराचं एक किंवा दोन रिसायटल, चेंबर म्युझिक, साथसंगत, संगीताचा इतिहास आणि विश्लेषण. डी. एम. ए. मध्ये रिसायटल वाढतात, व्याख्यानासह एखादा कार्यक्रम करावा लागतो, सर्वंकष परीक्षा असते आणि शेवटी प्रबंध.

पियानो अध्यापनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम ही या व्यवस्थेची मला सर्वांत मोलाची वाटणारी देणगी. त्यामागे फ्रान्सेस क्लार्क (1905–1998) या बाईंचं मोठं काम आहे. लुइस गॉस यांना सोबत घेऊन त्यांनी 1960 मध्ये प्रिन्स्टनजवळ ‘न्यू स्कूल फॉर म्युझिक स्टडी’ सुरू केलं. मुलांची शाळा आणि शिक्षकांची प्रयोगशाळा एकाच छपराखाली. त्यांच्या आधीची रूढ पद्धत अशी होती की दोन्ही अंगठे मधल्या ‘सी’वर ठेवायचे आणि तिथून एकेक स्वर दोन्ही बाजूंना वाढवत न्यायचा. मूल स्वरांची नावं पाठ करी, पण ओळीतला आकार त्याला दिसत नसे. क्लार्क यांनी स्टाफवर तीन खुणा धरल्या. खालच्या ओळींतला ‘एफ’, मधला ‘सी’ आणि वरच्या ओळींतला ‘जी’. त्यांच्यापासून सुरावट किती पावलं वर गेली, किती खाली आली, हे मुलानं पाहायचं. वाचन म्हणजे अंतरं ओळखणं, हा त्यामागचा विचार. कुठल्या वयात, कुठल्या क्रमानं काय द्यायचं, यावर त्यांनी जन्मभर विचार केला.

आज पदव्युत्तर विद्यार्थी हेच शिकतो. अनुभवी शिक्षकाचे तास मागे बसून पाहतो, मग स्वतः शिकवतो आणि प्राध्यापक मागे बसतात. तासाचं चित्रीकरण होतं. नंतर तो व्हिडिओ पाहताना विचारतात, मूल किती वेळ वाजवत होतं आणि तुम्ही किती वेळ बोलत होतात? चूक झाल्यावर तुम्ही लगेच सांगितलंत, की मुलाला स्वतःला ऐकू येईपर्यंत थांबलात? मोठमोठी कॉन्चेर्तो वाजवलेल्या तरुणाला घाम फुटतो, तो इथे. शूमानचा 1848 चा ‘मुलांचा अल्बम’, काबालेव्स्कीच्या छोट्या रचना, आना मागदालेना बाखच्या वहीतले मिन्युएट हे सगळं त्याला पुन्हा नव्यानं वाचावं लागतं. या वेळी बोटांसाठी नव्हे. प्रत्येक रचना मुलाला नेमकं काय शिकवते, हे शोधण्यासाठी.

त्याखेरीज असिस्टंटशिप. पुष्कळ विद्यापीठांत पदव्युत्तर विद्यार्थ्याला शुल्कात सवलत आणि थोडं मानधन मिळतं, आणि बदल्यात ‘क्लास पियानो’चे तास घ्यावे लागतात. एका खोलीत डझनभर डिजिटल पियानो, प्रत्येकाला हेडफोन, आणि समोर गायनाचे, ट्रंपेटचे, व्हायोलिनचे विद्यार्थी. यांनी पियानोला कधी हात लावलेला नसतो, पण पदवीसाठी त्यांना पट्टी बदलून वाजवणं आणि साध्या चालीला डाव्या हातानं स्वरसंगती देणं यावंच लागतं. अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात या कामाला दोन ओळी मिळतात. माझ्या मते सगळ्या पदवीत खरं शिक्षण होतं ते इथे.

लिऑन फ्लायशर हा पियानोवादक श्नाबेलचा शिष्य, म्हणजे बेथोवनपासून निघालेली ती परंपरा थेट त्याच्यापर्यंत पोहोचलेली. 1959 पासून तो बाल्टिमोरच्या पीबडीत शिकवत होता. 1960 च्या दशकाच्या मध्यावर त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आपोआप आत वळू लागली. पुढे या विकाराचं निदान फोकल डिस्टोनिया असं झालं. दोन्ही हातांची कारकीर्द कित्येक दशकं थांबली. शिष्याला बाजूला सारून ‘हे असं’ म्हणत वाजवून दाखवणंही संपलं. जे हात दाखवत होते, ते आता शब्दांत सांगावं लागलं. वाक्य कुठे श्वास घेतं, वजन कुठे पडतं, शांतता किती लांब ठेवायची, यासाठी त्याला नेमकी भाषा घडवावी लागली, आणि त्यानंतरच्या वर्षांत तो अमेरिकेतल्या सर्वांत मान्यवर गुरूंपैकी एक ठरला. 2004 मध्ये दोन्ही हातांच्या वादनाचा त्याचा अल्बम आला, आणि 2020 मध्ये तो गेला तोपर्यंत शिकवणं सुटलं नव्हतं. अध्यापन हे वादनाइतकंच कसब मागतं, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

आपल्याकडची स्थिती पाहू. गोव्यात पोर्तुगीज काळातल्या पॅरिश शाळांनी गावोगावच्या मुलांना स्वरलिपी शिकवली. त्या पायावर उभे राहिलेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाद्यवृंदाचा कणा झाले. पणजीत 1952 मध्ये आंतोनियो दि फिगेरेदो यांनी संगीत अकादमी काढली, आणि पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण आज कला अकादमीत चालतं. मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेच्या आश्रयानं 2006 मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला, पुढे त्याची मुलांसाठीची संगीत अकादमीही आली.

पण बहुतेक मराठी घरांतलं मूल पियानो शिकतं ते ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या श्रेणी-परीक्षांच्या आधारानं. आठ श्रेणी, नंतर डिप्लोमा. परीक्षा चांगल्या आहेत, आपण त्यांचा केलेला वापर चांगला नाही. वर्षभर तीन-चार रचना घोटायच्या, प्रमाणपत्र घ्यायचं आणि पुढची श्रेणी. आठवी श्रेणी उत्तम गुणांनी पार केलेलं मूल समोर नवं पान ठेवलं की अडखळतं, गाणाऱ्याला साथ करायला बसवलं की गोंधळतं. परदेशातल्या ऑडिशनला हीच उणीव आधी दिसते. याचा दोष मुलांवर नाही. त्यांच्या शिक्षकांना शिकवण्याचं शिक्षण कधी मिळालेलंच नाही. आठवी श्रेणी झाली की दुसऱ्या महिन्यात शिकवण्या सुरू, ही आपल्या शहरांतली सर्रास रीत आहे.

म्हणून पदव्युत्तर पियानो शिक्षणासाठी मुलाला किंवा मुलीला परदेशी पाठवणाऱ्या पालकांना माझं सांगणं आहे की संस्थेच्या नावावर भुलू नका. कुठल्या गुरूकडे आठवड्याला किती वेळ मिळणार, हे विचारा. देखरेखीखाली शिकवण्याचा सराव आहे का, साथसंगत आणि चेंबर म्युझिक सक्तीचं आहे का, हेही विचारा. हात दुखू लागले तर तिथे कोण पाहतं, हे तर आवर्जून विचारा. खर्चाचा अंदाज घेताना जर्मनीही पाहा. तिथल्या बहुतेक राज्यांत सरकारी संगीत महाविद्यालयांना शिकवणीचं शुल्क नाही, मात्र भाषा आधी शिकावी लागते.

आणि मुंबई, पुणे, पणजीतल्या संगीतसंस्थांना विनंती आहे. नवं सभागृह बांधण्याआधी पियानो शिक्षकांसाठी एका वर्षाचा अभ्यासक्रम सुरू करा. त्यात मागे बसून पाहणं असू द्या, देखरेखीखाली शिकवणं असू द्या. परदेशात हे शिकून परतलेले तरुण आपल्याकडे आहेत. पहिली तुकडी उभी करायला त्यांना बोलवा.