डायनासोर : तो की ती?

मराठीत मगर ती, सुसर ती, डायनासोर मात्र तो. भाषेने निकाल लावून टाकला. जीवाश्म अभ्यासणाऱ्यांना ते इतकं सोपं जात नाही.

आपल्या मध्य प्रदेशातलंच बघा. धार जिल्ह्यात, बाग-कुक्षीच्या बाजूला, टायटॅनोसॉर गटाच्या डायनासोरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडली. २०२३ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणजे तिथे माद्या होत्या, हे नक्की. (त्या भागात काही लोक हे गोल दगड भैरव म्हणून पुजत आलेत, ही त्यातली गंमत!) पण ती आई नराहून थोराड होती की लहान? अंड्यांजवळ तिचा सांगाडाच नाही, तर सांगणार कसं? जबलपूरला १८२८ मध्ये स्लीमन साहेबाला हाडं मिळाली, तीही सुटीच.

नर-मादीतला फरक दाखवायचा तर एकाच जातीचे, निरनिराळ्या वयांचे भरपूर सांगाडे हवेत. नाहीतर पोरसवदा नरालाच आपण मादी म्हणून बसू, किंवा एका जातीच्या दोन जाती करू. डायनासोरांच्या नऊ प्रकारांत असा फरक असल्याचं पूर्वी सांगितलं जायचं. जॉर्डन मॅलन यांनी २०१७ मध्ये ते आकडे पुन्हा तपासले, तर एकातही पुरावा टिकला नाही. फरक नव्हताच, असं यावरून ठरत नाही हं. नमुनेच फार थोडे.

किती थोडे, हे सुसरीवरून कळतं. सुसर म्हणजे आपला चंबळचा घडियाल. वयात आलेल्या नराच्या नाकावर घड्यासारखा फुगवटा येतो, त्यावरूनच हे नाव. तो फुगवटा मांसल, त्यामुळे कवटीवर उरतो फक्त नाकाजवळचा खळगा. डेव्हिड होन आणि सहकाऱ्यांनी १०६ घडियालांचे नमुने मोजले (२०२०). हा खळगा आणि अंगाची थोराडी सोडली, तर नर-मादी वेगळे काढणं तिथेही अवघडच गेलं. डायनासोरांचे तर बहुतेक जातींत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सांगाडे!

एक खूण मात्र बऱ्यापैकी भरवशाची. अंडी घालण्याच्या दिवसांत कोंबडीच्या हाडांच्या पोकळीत कवचासाठी कॅल्शियमचा खास थर साठतो. २००५ मध्ये मेरी श्वाइट्झर यांनी तसाच थर एका टी. रेक्सच्या मांडीच्या हाडात दाखवला. पण हा थर विणीच्या दिवसांपुरताच. तो नाही म्हणून नर, असं म्हणता येत नाही.

वनविहारात घडियाल बघायला गेलात तर नाकाकडे नीट बघा. घडा दिसला तर नर. नाही दिसला तर मादी, नाहीतर अजून वयात न आलेला नर.