एव्हरशाईन ते श्टुटगार्ट: नोकरी मिळाली, घराचं काय?

वसई रोड स्टेशनवर पूर्वेला उतरून शेअर रिक्षाने एव्हरशाईन सिटीत आलं, की चार दुकानं सोडून एक इस्टेट एजंटची पाटी दिसते. माझ्या भाचीला इथं भाड्याने घर हवं होतं, तेव्हा अशाच एका एजंटने एका संध्याकाळी तीन फ्लॅट दाखवले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही टोकन देऊन मोकळे झालो. तीच भाची पुढे नर्स म्हणून जर्मनीत श्टुटगार्टला गेली. तिथं स्वतःच्या नावावर घर मिळायला तिला अकरा आठवडे लागले. नोकरीचं पत्र हातात, पासपोर्टवर व्हिसा, आणि पुढच्या महिन्यात राहायचं कुठे याचा पत्ता नाही. तिची आई रोज फोनवर पहिला प्रश्न तोच विचारायची. ज्या घरांत आज असाच एखादा व्हिसा आलेला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

श्टुटगार्टच का?

मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरं. श्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी आहे, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक अशा कामांसाठी १०,००० तरुण पाठवण्याची ती योजना. भाषेच्या वर्गांची चर्चा खूप झाली. घराची त्या मानाने फारच कमी झाली, आणि मला ती उणीव मोठी वाटते, कारण मर्सिडीज आणि पोर्शेच्या या शहरात भाड्याची घरं कमी आणि मागणारे फार.

इथे ओळख, तिथे कागद

आपल्याकडे मालक आधी माणूस बघतो. गाव कुठलं, कामाला कुठे, घरात किती जणं, एवढं विचारून होतं. एजंट सोसायटीच्या सेक्रेटरीला ओळखतो, सेक्रेटरी मालकाला. कागद येतात ते नंतर: अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, पोलीस व्हेरिफिकेशन, सोसायटीची एनओसी. एकट्या मुलामुलींना इथेही नकार पचवावे लागतात, हे खरं. पण कुणीतरी शब्द टाकला तर दार उघडतं.

जर्मनीत शब्द टाकणारा कुणी नसतो. मालक मागतो तो शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, आधीच्या मालकाचं भाडं थकवलं नसल्याचं पत्र आणि ‘शूफा’. शूफा म्हणजे आपल्या सिबिलसारखा अहवाल. बँक, मोबाइल, हप्ते यांच्या नोंदींवरून माणसाची पत सांगणारी ही संस्था १९२७ पासून चालू आहे. कालच विमानातून उतरलेल्या मुलीची तिथे एकही नोंद नसते. तिच्या विरुद्ध काही नसतं, बाजूनेही काही नसतं, आणि एका घरासाठी पन्नास अर्ज आले असतील तर तिचा कागद तळाशी जातो.

गाठ बसते ती इथे

जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. १ नोव्हेंबर २०१५ पासून या नोंदणीला घरमालकाचा सहीचा दाखला लागतो. पहिली नोंदणी झाल्यावर कर क्रमांक पोस्टाने येतो. तो क्रमांक कंपनीला वेळेत दिला नाही, तर पगारातून जास्त कर कापला जाऊ शकतो. बऱ्याच बँका खातं उघडायलाही नोंदणीचा कागद मागतात.

म्हणजे घर मिळायला पगाराची स्लिप हवी, पगाराला खातं हवं, खात्याला पत्ता हवा, आणि पत्त्याला घर. ही गाठ सोडवायचा एकच सरळ मार्ग मला दिसतो: पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी अशी तात्पुरती जागा घ्यायची, जिथे पत्ता नोंदवू देतात. हॉटेल किंवा आठवड्याच्या भाड्याची खोली बहुधा कामाची नसते. रुग्णालयाचं वसतिगृह, कंपनीची खोली किंवा चार जण मिळून राहतात ते घर चालतं. बुकिंग करण्याआधी ‘इथे आनमेल्डुंग होईल का?’ एवढं लेखी विचारून घ्या. भाचीने ते विचारलं नव्हतं. तिचे पहिले तीन आठवडे त्यात गेले.

जाहिरात वाचताना

आपल्याला वन बीएचके कळतं. तिथे ‘त्सिमर’ मोजतात, म्हणजे खोल्या, आणि हॉलही त्यातच धरतात. तेव्हा दोन त्सिमरचं घर म्हणजे आपलं वन बीएचके. ४५ चौरस मीटर म्हणजे सुमारे ४८४ चौरस फूट.

भाडं दोन प्रकारे लिहितात. ‘काल्टमीटं’ म्हणजे नुसत्या जागेचं. ‘वार्ममीटं’ म्हणजे त्यात पाणी, हीटिंग, कचरा, जिन्याची साफसफाई धरून. वीज आणि इंटरनेट बहुतेकदा त्याबाहेर. काल्टमीटंचा आकडा बघून घरी हिशोब सांगितला, की महिन्याअखेरीस तो हमखास चुकतो.

सगळ्यात जास्त धक्का स्वयंपाकघराचा. अनेक घरांत किचन नसतंच. ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून बाहेर आलेले दोन पाइप आणि एक जाड वायर. आधीचा भाडेकरू आपलं किचन उचकटून नेतो किंवा नव्याला विकतो. भाचीने पहिली मुगाची खिचडी आडव्या ठेवलेल्या सुटकेसवर इंडक्शन शेगडी मांडून केली. तिने पाठवलेला तो फोटो आमच्या घरी अजून जपलेला आहे.

डिपॉझिट आणि फसवणूक

कायद्याप्रमाणे डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटंएवढं, आणि ते तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. काल्टमीटं ८०० युरो असेल तर २,४०० युरोच्या वर मागता येत नाही. आपल्याकडच्या हेवी डिपॉझिटचा तिथे प्रश्नच नाही. एजंटचे पैसेही, १ जून २०१५ पासून, ज्याने एजंट नेमला त्याने द्यायचे. करार सहसा बेमुदत असतो आणि भाडेकरूला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मात्र किमान इतकी वर्षं राहावंच लागेल असं कलम कधी कधी असतं, ते सही करण्याआधी शोधा.

फसवणारे या घाईवरच जगतात. साच्यातून काढलेली गोष्ट असते: मालक कामासाठी दुसऱ्या देशात आहे, फोटो सुंदर, भाडं बाजारापेक्षा कमी, पैसे पाठवा, चावी कुरिअरने येईल. घर स्वतः किंवा विश्वासातल्या माणसाने पाहिल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. वसईतून वडिलांनी पीएफमधून काढून पाठवलेले पैसे असे गेले, तर परत मिळणं फार अवघड.

दुबई आणि लंडन

वसईतून आखातात जाणं जुनं आहे. दुबईत वर्षाचं भाडं पुढच्या तारखांच्या चेकने देण्याची पद्धत आहे. चेक जितके कमी, तितकी घासाघीस सोपी. कराराची ‘इजारी’ नोंदणी झालेली हवीच. इंग्लंडमध्ये मालकाला भाडेकरूचा राहण्याचा हक्क तपासावा लागतो. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि ते ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं. तिथला जामीनदार मागितला की नव्या माणसाची अडचण होते. अशा वेळी कंपनी जामीन राहते का, हे ऑफर स्वीकारतानाच विचारावं.

निघण्याआधी, वसईतच

इथे भाड्याने राहिला असाल तर नोंदणीकृत कराराची प्रत सोबत घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ‘भाडं वेळेवर दिलं, काही बाकी नाही’ असं मालकाचं पत्र इंग्रजीत घ्या. आईवडिलांच्याच घरी राहत असाल तर सोसायटीच्या लेटरहेडवर सेक्रेटरीचं पत्र चालून जातं. सोबत नोकरीचा करार, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि स्वतःची ओळख करून देणारं अर्ध्या पानाचं जर्मन पत्र. हे सगळं एका पीडीएफमध्ये. भाचीला शेवटी घर मिळालं ते या पत्रामुळेच. घरमालकीण सत्तरीची, एकटी राहणारी होती, आणि पत्रात लिहिलं होतं की रात्रपाळीहून आल्यावर जिन्यात पावलं वाजणार नाहीत याची काळजी घेईन.

दारावरचं नाव

घर मिळाल्यावरही एक काम उरतं. तिथे पत्त्यात बहुतेकदा फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन बेल आणि टपालपेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो आणि नाव दिसलं नाही तर परत नेतो. कर क्रमांकाचं पत्र असंच फिरून जातं. चावी मिळाली त्याच संध्याकाळी भाचीने वहीच्या कागदावर ठळक अक्षरांत आडनाव लिहिलं आणि चिकटपट्टीने पेटीला लावलं. शेजारच्या काकूंनी खाली येऊन ते वाचायचा प्रयत्न केला, दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा नीट म्हटलं. मग त्यांनी या आठवड्यात जिना झाडायची पाळी कुणाची, ते सांगितलं.