स्पीकरचे सुटे भाग : साठा करावा कशाचा, ठेवावा कसा?

मंडप-साऊंडचा धंदा करणारे आणि स्पीकर दुरुस्त करणारे आपले अनेक बांधव लग्नसराई, रमजान व मिलादच्या आधी कोन, कॉईल, डायफ्राम असा माल घेऊन ठेवतात. शिवाय २०२५ साली मुंबईत अनेक धार्मिक स्थळांवरचे भोंगे उतरले. त्यांची युनिटेही कोठे ना कोठे ठेवावीच लागली. हा सगळा अडकलेला पैसा आहे. जुन्या मॉडेलचा भाग बाजारातून गेला की त्याला भाव येतो, पण तो शाबूत असेल तरच.

सर्वांत आधी खराब होते ती फोमची कड. वूफरच्या कोनभोवतीचा हा फोम पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील दमटपणाने तो आतून सडतो. स्पीकर एकदाही वाजवला नसला तरी १०-१५ वर्षांत बोट लावताच त्याचा भुगा होतो. मुंबई-कोकणच्या हवेत त्याहूनही लवकर. म्हणून फोमचा साठा करूच नये, लागेल तेवढाच घ्यावा. रबरी कड पुष्कळ जास्त टिकते आणि पी.ए.च्या मोठ्या स्पीकरची कापडी कड सर्वांत चिवट. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर व चिकटवण्याचे सोल्यूशन यांनाही फोमचाच नियम लावावा.

कागदी कोनला ओल, झुरळे आणि कसर यांचा धोका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा व त्यात सिलिका जेल हा स्वस्त उपाय. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरता येतात. मात्र स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नयेत, कारण त्या निळ्या रंगात विषारी कोबाल्ट असते. डांबराच्या गोळ्या टाकू नयेत. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडते.

चुंबकाचा शत्रू म्हणजे कारखान्यातला लोखंडी कीस. कॉईलची फट अगदी अरुंद असते, त्यात एक कण गेला तरी आवाज खरखरतो. म्हणून फटीवर चिकटपट्टी लावून मगच पिशवीत घालावे. कीस गेलाच तर फुंकर मारू नये. कार्डाच्या कडेला चिकटपट्टी उलटी गुंडाळून तो उचलावा. फेराइट चुंबक चिनी मातीसारखा ठिसूळ, पडला की कपचा उडतो. जुन्या अल्निको चुंबकाचे युनिट उघडूच नये, चुंबक वेगळा काढताच त्याची शक्ती घटते आणि पुन्हा चुंबकित केल्याशिवाय ती परत येत नाही.

जड वूफर वर्षानुवर्षे उताणा ठेवला तर स्पायडर खाली बसतो आणि कॉईल मध्यावरून सरकते. पेटीत बसवतो तसा उभा ठेवावा, सहा महिन्यांनी वरची बाजू खाली करावी. सुट्या कॉईल पुठ्ठ्याच्या नळीवर चढवून ठेवल्या की चपट्या होत नाहीत. डायफ्राम एकावर एक रचू नयेत.

प्रत्येक पुडीवर मॉडेल, ओहम व खरेदीचा महिना लिहावा. माल बाहेर काढताना मीटर लावावा. ८ ओहमचे युनिट साधारण ६ ते ७ दाखवते. काटा हललाच नाही तर कॉईल तुटलेली आहे. मीटर ठीक दाखवत असूनही कोन हलक्या हाताने दाबताना घासला, तर फटीत कचरा आहे किंवा कॉईल सरकली आहे. असा नग गिऱ्हाइकाच्या पेटीत बसवू नये.