जहीरा, खालिद आणि एक टायमर

गेममध्ये कसलं आलंय प्रेम, असं आमच्या विंगमधल्या बहुतेक मुलींचं ठाम मत आहे. बटणं दाबायची, राक्षस मारायचे, संपलं. त्यांच्यासाठी, आणि रात्री दोन वाजता लॅनवर एकमेकांना गोळ्या घालणाऱ्या बॉइज होस्टेलसाठीसुद्धा, हा लेखप्रपंच!

'बाल्डर्स गेट २' हा बायोवेअर कंपनीचा रोल-प्लेइंग गेम २००० साली आला. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. यात तुम्ही एक पात्र तयार करता, बरोबर पाचपर्यंत साथीदार घेता आणि भटकता. त्या साथीदारांपैकी एक जहीरा. अर्धी एल्फ, अर्धी माणूस. तलवारही चालवते आणि ड्रुइडही आहे, म्हणजे निसर्गाची पुजारीण म्हणा. १९९८ च्या पहिल्या भागात ती नवऱ्याबरोबर, खालिदबरोबर, एका सरायीत भेटते. खालिद भित्रा, बोलताना अडखळणारा. ही फटकळ. पण एकाला टीममधून काढलंत की दुसराही चालता होतो. असं जोडपं.

दुसरा भाग सुरू होतो तोच कैदखान्यात. इरेनिकस नावाच्या जादूगाराने तुम्हाला पिंजऱ्यात टाकलंय, शेजारच्या पिंजऱ्यात जहीरा. बाहेर पडताना खालिदचं प्रेत सापडतं, आणि तेही असं छिन्नविच्छिन्न, की मेलेल्यांना उठवणाऱ्या जादूचाही उपयोग नाही. आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), तुमचा नायक पुरुष असेल तर पुढे हीच जहीरा हळूहळू त्याच्या प्रेमात पडू शकते.

आता कॉम्प्युटरवाल्यांसाठी. हे प्रेम म्हणजे गेमच्या स्क्रिप्टमधला एक व्हेरिएबल आहे, त्याचं नावच 'जहीरा रोमान्स ॲक्टिव्ह'. १ म्हणजे चालू आहे, २ म्हणजे पक्कं झालं, ३ म्हणजे कायमचं संपलं. मध्ये टायमर लावलेले आहेत. एक संभाषण झालं की बराच वेळ काही नाही. तुम्ही गटारात राक्षस मारताय, विसरूनही गेलात, आणि अचानक ती थांबून बोलायला लागते. कशाबद्दल? बऱ्याचदा खालिदबद्दल. तो गेला याचा राग, मग आपण त्याला विसरतोय की काय याची भीती. तुम्ही जरा घाई केलीत, चावट उत्तर दिलंत, की व्हेरिएबल ३. परत चान्स नाही. एका साध्या आकड्यातून इतकं दुःख दाखवता येतं हे मला अजून नवल वाटतं. टायमरमुळे काय होतं, की वाट बघणं तुमच्या वाट्याला खरोखरच येतं.

बाकीच्या दोघी, एरी आणि व्हिकोनिया, यांच्याशीही सूत जुळू शकतं. दोघींना एकदम खेळवायला गेलात तर भांडण होतं आणि एकीला निवडावंच लागतं. (नायिका घेऊन खेळलं तर मूळ गेममध्ये एकटा ॲनोमेन. तो स्वतःवरच इतका खूश, की त्याच्याबद्दल न लिहिलेलंच बरं.)

जहीराच्या कथेत डोळे पुसण्यापलीकडेही बरंच आहे. ती हार्पर्स या गुप्त संघटनेची. तुमचा नायक मेलेल्या खूनदेवतेचा, भालचा, मुलगा. म्हणून गॅल्व्हरी हा हार्पर त्याला कायमचं कोंडायला निघतो. जहीराला तिथल्या तिथे ठरवावं लागतं, आणि ती आपल्याच माणसांविरुद्ध शस्त्र उचलते. मग तिच्यावर खुनाचा आरोप येतो, तिचा जुना गुरू डर्मिन तिला न्यायला येतो. म्हणजे नवरा गेला, आता संघटनाही गेली. तुमच्यावरचं प्रेम तिला फुकट पडत नाही, हे मला सगळ्यात आवडलं.

पण एक गोष्ट खटकतेच. खालिद मरतो तो पडद्यामागे. पहिल्या भागात त्याला कितीही जपलंत तरी इथे त्याला वाचवायचा पर्यायच नाही. लेखकांना जहीरा मोकळी हवी होती, म्हणून बिचाऱ्याला उडवला असा मला दाट संशय आहे. आमच्या विंगमध्ये यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, विधवेला दुसरं प्रेम मिळालं, छान झालं. दुसरा म्हणतो, प्रेत सापडलं त्याच गेममध्ये? मी पहिल्या तटात, पण खालिदसाठी वाईट वाटतंच.

२०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३' मध्ये, शंभराहून जास्त वर्षांनंतर, ती परत भेटते. केस पांढरे, जीभ तशीच तिखट, घरात दत्तक मुलं. या वेळी तिच्याशी प्रेम जमवायची सोय नाही, आणि ते बरोबरच केलं.

दुसऱ्या भागाची सुधारलेली आवृत्ती २०१३ ला आली, ती साध्या लॅपटॉपवरही चालते. खेळणार असाल तर एकच सांगते: जहीरा बोलत असताना वाचल्याशिवाय एक नंबरचं बटण दाबत सुटू नका.