पहिली ट्रायथलॉन करायचीय? मग सायकल घेण्याआधी पोहायला शिका

इन्स्टाग्राम उघडलं की चार-पाच रील्समागे एक तरी असं रील येतंच. गळ्यात मेडल, अंगाला चिकटलेला सूट, चेहऱ्यावर घाम आणि खाली कॅप्शन, ‘आता मी पण आयर्नमॅन’. मिलिंद सोमणने २०१५ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकला पूर्ण आयर्नमॅन केली, तेव्हा ही भानगड आपल्याकडे बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळली. २०१९ पासून गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ सुरू झाली. २०२४ मध्ये नाशिकच्या सैयामी खेरने जर्मनीत ७०.३ पूर्ण केली. आता तर आपल्या ऑफिसात नाहीतर सोसायटीत एखादा तरी ‘ट्रायवाला’ असतो.

मग कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्या, रोज लोकलला लटकणाऱ्या माणसाच्या डोक्यातही येतं, की आपणही करून बघावं का? आणि तो पहिलं काय करतो, तर मोबाईलवर सायकलींच्या किमती बघायला लागतो.

इथंच क्रम चुकतो. पहिल्या ट्रायथलॉनमध्ये सायकल साधी असली तरी चालून जातं, धावताना दम लागला तर चालता येतं. पाण्यात मात्र ‘जरा थांबतो’ म्हणायला खाली जमीन नसते. म्हणूनच तयारी पाण्यापासून सुरू करायची. कशी, ते बघू.

आधी एक गोंधळ मिटवू

ट्रायथलॉन हे खेळाचं नाव आहे. पोहायचं, मग सायकल चालवायची, मग धावायचं आणि घड्याळ मध्ये कुठंच थांबत नाही. आयर्नमॅन हा त्यातला एक ब्रँड. म्हणजे बाटलीतल्या कुठल्याही पाण्याला आपण ‘बिसलेरी’ म्हणतो, तसं झालंय.

हा खेळ फार जुना नाही. आज आपण ओळखतो तशी ट्रायथलॉन १९७४ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगोला झाली. १९७८ मध्ये हवाईत पहिली आयर्नमॅन झाली, तेव्हा सुरुवात करणारे होते १५ आणि पूर्ण करणारे १२. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीत आला.

अंतरं अशी असतात:

- स्प्रिंट: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं
- ऑलिम्पिक: १.५ किलोमीटर, ४० किलोमीटर, १० किलोमीटर
- ७०.३ म्हणजे हाफ आयर्नमॅन: १.९ किलोमीटर, ९० किलोमीटर, २१.१ किलोमीटर. बेरीज ११३ किलोमीटर, म्हणजेच ७०.३ मैल
- पूर्ण आयर्नमॅन: ३.८ किलोमीटर, १८० किलोमीटर, ४२.२ किलोमीटर

आकडे डोक्यावरून जात असतील तर सेंट्रल रेल्वेच्या भाषेत समजून घ्या. स्प्रिंटमधली सायकल म्हणजे साधारण कल्याण स्टेशन ते ठाणे स्टेशन. धावणं म्हणजे डोंबिवली ते कल्याण, मध्ये फक्त ठाकुर्ली. पोहणं म्हणजे २५ मीटरच्या तरणतलावाच्या ३० फेऱ्या. हे जमू शकतं ना?

आता ७०.३ बघा. सायकलवर कल्याण-ठाणे दोनदा जाऊन-येऊन पुन्हा मुंब्र्यापर्यंत जायचं आणि नंतर कल्याण-ठाणे एवढं अंतर धावायचं. म्हणून पहिली शर्यत स्प्रिंटच निवडा. मेडल तिथंही मिळतं.

पोहणं सगळ्यात आधी का ठेवतात?

सुरक्षेसाठी. चार-पाच तास दमलेला माणूस रस्त्यावर बसू शकतो, पाण्यात तो बुडू शकतो. म्हणून अंग ताजं असतानाच पाणी उरकून घेतात.

तरीही सगळ्यात जास्त धोका पाण्यातच असतो. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधले मृत्यू आणि अचानक हृदय बंद पडण्याच्या घटना डॉक्टरांनी तपासल्या. एकूण १३५ घटना निघाल्या, त्यातल्या ९० पोहताना घडल्या होत्या. प्रमाण म्हणाल तर एक लाख स्पर्धकांमागे दोनपेक्षाही कमी, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण या घटनांमधल्या लोकांचं सरासरी वय ४७ च्या आसपास होतं आणि ८५ टक्के पुरुष होते. थोडक्यात, तरुणपणी खेळायचं राहून गेलं म्हणून चाळिशीनंतर जोशात उतरणारा आपल्या ओळखीतला माणूस यात बसतो.

म्हणून वय चाळिशीच्या पुढे असेल, घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल, बीपी-शुगर असेल, चढताना छातीत दुखत असेल, तर फी भरण्याआधी डॉक्टरांकडे जा. ‘मला शर्यतीसाठी जोरात पोहायचंय आणि पळायचंय’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे कुठल्या तपासण्या करायच्या ते डॉक्टर ठरवतील.

तलावात पोहता येतं, मग शर्यतीत काय होतं?

तरणतलावात तळाला रेष दिसते, २५ मीटरवर भिंत असते, शेजारी जीवरक्षक असतो. उघड्या पाण्यात यातलं काहीच नाही. पाणी गढूळ, आजूबाजूला लाथा मारणारी माणसं, लांब कुठंतरी हेलकावे खाणारा बोया. श्वास उथळ होतो, छाती आवळल्यासारखी वाटते आणि चांगला पोहणाराही दोनशे मीटरवर घाबरतो.

वर यूट्यूबवरचे परदेशी व्हिडिओ आणखी फसवतात. तिकडं थंड पाण्यात वेटसूट घालतात आणि त्या सूटमुळं माणूस आपोआप तरंगतो. आयर्नमॅनच्या नियमांनुसार पाणी साधारण २४.५ अंशांपेक्षा गरम असेल तर वयोगटातल्या स्पर्धकांना वेटसूटचा फायदा घेऊन बक्षिसासाठी लढता येत नाही. गोव्याचा समुद्र त्याहून बराच गरम असतो. त्यामुळं आपल्याकडं तुम्हाला तुमच्याच जिवावर तरंगायचंय.

मग तयारी कशी करायची?

- पहिलं ध्येय एकच: ७५० मीटर भिंतीला न धरता, दम न लागता. वेग नंतर.
- उताणं होऊन दोन मिनिटं शांत तरंगता आलं पाहिजे. घाबरल्यावर हेच वाचवतं.
- दर आठ-दहा हातांनंतर डोळे मगरीसारखे पाण्याच्या वर काढून समोर बघायची सवय लावा. नाहीतर सरळ पोहतोय असं वाटतं आणि निघतो भलतीकडंच.
- मित्रांसोबत एकाच लेनमध्ये तिघं पोहा. धक्के खायची सवय तिथंच होते.
- शर्यतीत मागून किंवा कडेनं सुरू करा. फ्रीस्टाईलच हवी असं काही नाही, ब्रेस्टस्ट्रोकही चालतो. बहुतेक शर्यतींत बचावाच्या कयाकला किंवा बोयाला धरून विश्रांतीही घेता येते, फक्त त्याच्या आधारानं पुढं सरकायचं नाही. हात वर करून मदत मागण्यात काही कमीपणा नाही.

कल्याणमध्ये हा सराव करायचा कुठं?

डोंबिवलीत सावळाराम महाराज क्रीडा संकुलात तरणतलाव आहे, ठाण्यात नौपाड्याचा मारोतराव शिंदे तरणतलाव आहे. एप्रिल-मेमध्ये पोरांच्या सुट्ट्यांमुळं तलाव भरून वाहतात, त्यामुळं शिकायचं असेल तर ते दोन महिने सोडून बॅच लावा. अजिबात पोहता येत नसेल तर शर्यतीला किमान सहा महिने ठेवा. आधीपासून येत असेल तर बारा आठवडे पुरतात.

आणि आता महत्त्वाचं. ‘उघड्या पाण्याचा सराव’ म्हणून उल्हास नदीत, दुर्गाडीजवळ खाडीत, बारवी धरणाच्या पाण्यात किंवा कोंडेश्वरच्या कुंडात उतरू नका. खाडीत भरती-ओहोटीची ओढ आणि गाळ असतो, शहरातलं सांडपाणी आणि वालधुनीचं पाणी उल्हासमध्ये येऊन मिळतं. कोंडेश्वर आणि बारवी परिसरात बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या तर पावसाळ्यात वाचायला मिळतातच. त्यातले अनेक जण ‘पोहायला येणारे’ असतात.

उघडं पाणी अनुभवायचं ते प्रशिक्षक, बचावाची बोट आणि कमरेला बांधायचा रंगीत फुगा असेल तरच. बऱ्याच शर्यतींत आदल्या दिवशी आयोजक सरावाचं पोहणं ठेवतात, ते चुकवू नका.

सायकल आणि धावणं

सायकल घरात असेल ती चालेल. गिअरची हायब्रिडही छोट्या शर्यतीला पुरते. दोन्ही ब्रेक नीट लागले पाहिजेत, हेल्मेट डोक्याला घट्ट बसलं पाहिजे आणि पंक्चर झाल्यावर ट्यूब स्वतः बदलता आली पाहिजे. सायकलवाल्याकडं एक रविवार बसून हे शिकून घ्या.

रस्ता म्हणाल तर कल्याणकर म्हारळ-वरप-कांबामार्गे मुरबाड रस्त्याला लागतात. ठाणेकरांना चढाची सवय करायला येऊर आहे. मुरबाड रस्त्यावर अवजड गाड्या असतात, म्हणून उजाडता उजाडता निघा, मागं लाल लाईट लावा, दोघं-तिघं मिळून जा आणि कानात इअरफोन नको. धावायला कल्याणात काळा तलाव, ठाण्यात उपवनचा परिसर सोयीचा.

शर्यत निवडताना पावसाचाही विचार करा. गोव्याची ७०.३ ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होते. म्हणजे तिचा मुख्य सराव येतो जून ते सप्टेंबरमध्ये, जेव्हा आपल्याकडचे खड्डे पाण्याखाली लपलेले असतात. पहिल्याच वेळी हा ताप कशाला? पावसाळ्यात पोहून घ्या, ऑक्टोबरपासून सायकल काढा आणि थंडीतली एखादी स्प्रिंट धरा.

आठवड्याचा हिशेब नोकरदारासाठी असा बसतो: मंगळवार, गुरुवार आणि शनिवार पाऊण तास पोहणं. बुधवार आणि शुक्रवार अर्धा-पाऊण तास धावणं. रविवारी दीड तास सायकल आणि उतरल्या उतरल्या दहा मिनिटं धावणं. सोमवारी झोप. एकूण साधारण पाच तास झाले.

रविवारच्या त्या दहा मिनिटांना ‘ब्रिक’ म्हणतात. सायकलवरून उतरून धावायला लागलं की पाय विटांसारखे जड होतात, ते सवयीनंच सुटतं. दर चौथ्या आठवड्यात सराव थोडा कमी करा. आदल्या रात्री शेवटच्या लोकलनं आला असाल तर पहाटेचा सराव सोडून द्या. अर्धवट झोपेत हायवेवर सायकल काढण्यापेक्षा एक दिवस बुडालेला बरा.

शर्यतीच्या दिवशी

पाण्यातून सायकलवर आणि सायकलवरून धावण्यावर येतो, त्या जागेला ट्रान्झिशन म्हणतात. तिथला वेळही मोजला जातो. टॉवेल अंथरून त्यावर वस्तू वापरायच्या क्रमानं मांडा. एक नियम पाठ करा: हेल्मेटचा पट्टा आधी लावायचा, मग सायकलला हात. उलटं केलं तर दंड होऊ शकतो. दुसऱ्या सायकलच्या मागं चिकटून वारा चुकवणंही बहुतेक हौशी शर्यतींत चालत नाही.

खाण्यात नवं काही नको. सरावात केळं, चिक्की, लिंबू सरबत चाललं असेल तर त्या दिवशीही तेच. तहान लागेल तसं प्या, नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं मीठ कमी होऊन त्रास होतो.

कट-ऑफ आधी वाचा. ७०.३ मध्ये १.९ किलोमीटर पोहायला साधारण १ तास १० मिनिटं मिळतात. म्हणजे दर शंभर मीटरला ३ मिनिटं ४० सेकंद. तुमच्या शर्यतीचा असाच हिशेब काढा आणि तलावात घड्याळ लावून बघा.

पोहणं जमतच नसेल तर?

ड्युएथलॉन आहे की. धावणं, सायकल, पुन्हा धावणं. पहिली मल्टिस्पोर्ट शर्यत म्हणून झकास. शिवाय गोव्यासारख्या ठिकाणी रिलेही असते, पोहणारा एक, सायकलवाला दुसरा, धावणारा तिसरा. कोल्हापुरात राजाराम तलावावर होणारी बर्गमनसारखी शर्यत आधी फक्त बघायला गेलात तरी बरंच कळतं.

फी भरायच्या आधी एक साधी परीक्षा घ्या. तलावात ७५० मीटर न थांबता पोहा, बाहेर या आणि शेजारच्याशी नीट वाक्यं पूर्ण करत बोला. बोलता आलं तर फी भरा आणि सायकलच्या किमती बघायला लागा. धाप लागत असेल, तर सायकलचे पैसे सध्या बँकेत ठेवा आणि तलावाचा पास आणखी तीन महिन्यांनी वाढवा.