वर्गणी मंडळाची, कर खजिनदाराच्या माथी?

सार्वजनिक कार्याच्या वर्गणीचे पावतीपुस्तक हळूहळू मागे पडत असून त्याची जागा क्यूआर कोड आणि कार्डयंत्राने घेतली आहे. देणगीदाराची सोय झाली, सुट्ट्या पैशांची अडचण संपली. मात्र ही रक्कम कोणाच्या खात्यात जमा होते आणि आयकर खात्याच्या दृष्टीने ती कोणाची ठरते, या प्रश्नाकडे बहुतेक युवक मंडळांचे दुर्लक्ष होते. त्याची झळ प्रसंगी एकट्या खजिनदाराला बसू शकते.

सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना लागणाऱ्या इच्छापोरचे उदाहरण कल्पून पाहू. सुरत परिसरात खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. समजा, इच्छापोरमधील मराठी तरुणांनी मुलांच्या अभ्यासिकेसाठी निधी उभारण्याचे ठरवले. मंडळाची नोंदणी नाही, स्वतंत्र बँक खाते नाही. म्हणून खजिनदाराने आपल्याच बचत खात्याचा क्यूआर कोड फलकावर लावला आणि कार्डने येणारी रक्कमही त्याच खात्याशी जोडली. वर्षभरात 3 लाख रुपये जमले. गोव्यातील एखाद्या वाड्यावरील क्रीडा मंडळात किंवा उत्सव समितीतही याहून वेगळे काही घडत नाही.

नातेवाईक नसलेल्या व्यक्तींकडून वर्षभरात मोबदल्याशिवाय मिळालेली एकूण रक्कम 50 हजार रुपयांपेक्षा अधिक झाली, तर केवळ वरची रक्कम नव्हे, तर सगळीच रक्कम उत्पन्न म्हणून करपात्र ठरते, असा आयकराचा नियम आहे. या खजिनदाराचा वार्षिक पगार 12 लाख रुपये आहे असे मानू. 2025-26 या आर्थिक वर्षाच्या नव्या करप्रणालीप्रमाणे 75 हजारांची प्रमाणित वजावट धरता त्याला एक रुपयाही कर लागत नाही. परंतु वर्गणीचे 3 लाख त्याचेच उत्पन्न ठरवले गेले, तर करपात्र उत्पन्न 14 लाख 25 हजार होते आणि उपकरासह 97,500 रुपये कर बसतो. म्हणजे जमलेल्या निधीच्या जवळपास एक तृतीयांश!

ही रक्कम आपली नसून आपण ती मंडळाच्या वतीने केवळ सांभाळत होतो, अशी बाजू खजिनदार मांडू शकतो आणि ती योग्यही आहे. दुसऱ्याच्या वतीने विश्वासाने स्वीकारलेला पैसा हे आपले उत्पन्न नव्हे. मात्र ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावरच येते. मंडळाचा ठराव, देणगीदारांची यादी, पावत्या आणि खर्चाची बिले हाताशी नसतील, तर तोंडी खुलाशाला फारसे वजन उरत नाही.

अशा व्यवहारांची माहिती सरकारला कशी कळते, हे देशागणिक बदलते. अमेरिकेत कार्डव्यवहार हाताळणारी संस्था पैसे स्वीकारणाऱ्याच्या नावे वर्षअखेरीस ‘1099-के’ हे विवरण भरते आणि ते थेट कर खात्याकडे जाते. देयक अ‍ॅप व तत्सम मंचांसाठी 20 हजार डॉलर आणि 200 व्यवहारांची मर्यादा आहे. ती 600 डॉलरवर आणण्याचा 2021 मधील निर्णय 2025 मध्ये रद्द झाला. थेट कार्डने घेतलेल्या पैशांना मात्र अशी किमान मर्यादाच नाही. तेथील मराठी मंडळांच्या स्वयंसेवकांनाही म्हणूनच संस्थेचा स्वतंत्र कर क्रमांक वापरणे भाग पडते.

भारतात प्रत्येक कार्डव्यवहाराचे असे विवरण खजिनदाराच्या हाती पडत नाही. बचत खात्यात वर्षभरात 10 लाख रुपये वा अधिक रोख भरल्यास बँक ते कळवते; पण त्याहून कमी रकमेचा माग लागतच नाही, असा समज करून घेणे धोक्याचे आहे. कर्नाटकात जुलै 2025 मध्ये यूपीआय व्यवहारांच्या आधारे छोट्या व्यापाऱ्यांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा गेल्या, तेव्हा डिजिटल नोंद पुसली जात नाही हे सर्वांच्या ध्यानात आले. वस्तूंच्या विक्रीसाठी 40 लाख आणि सेवांसाठी 20 लाख रुपयांच्या उलाढालीनंतर या कराची नोंदणी लागते. निखळ देणगीवर हा कर नाही. स्मरणिकेतील जाहिरात मात्र देणगी नसून सेवा ठरते.

यावर उपाय अवघड नाहीत. पहिला, मंडळाची सोसायटी किंवा न्यास म्हणून नोंदणी करावी, मंडळाच्या नावे पॅन घ्यावे आणि किमान दोघांच्या सहीचे बँक खाते उघडावे. पॅन मिळाले म्हणजे करमाफी मिळाली, असे नव्हे. धर्मादाय संस्थेची सवलत हवी असल्यास आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी लागते. देणगीदारांना करवजावट मिळवून द्यायची असेल, तर त्यासाठीची मान्यताही स्वतंत्रपणे घ्यावी लागते. 2,000 रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीला ही वजावट मिळत नाही, त्यामुळे येथे कार्ड वा यूपीआयच उपयोगी पडते.

दुसरा, जमाखर्चात देणगी पूर्ण रकमेने लिहावी. 1,000 रुपयांच्या देणगीतून कार्ड कंपनीचे शुल्क वजा होऊन खात्यात थोडे कमी पैसे येतात. तरीही जमेला 1,000 दाखवून शुल्क खर्चात मांडावे, अन्यथा पावत्या आणि बँकेचा उतारा जुळत नाही. तिसरा, निनावी देणग्या टाळाव्यात. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेलाही ठरावीक मर्यादेपलीकडील निनावी देणगीवर 30 टक्के कर भरावा लागतो.

1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या आयकर कायद्याची जागा 2025 च्या नव्या कायद्याने घेतली असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यामुळे अर्ज करताना सनदी लेखापालांचा सल्ला घेणे इष्ट. ज्यांचे काम आधीच खासगी खात्यातून झाले आहे, त्यांनी निधी मंडळाच्या खात्यात वळवून तसा ठराव व हिशेब लेखी करून ठेवावा. वर्गणी मागताना मंडळ लोकांचा विश्वास मागत असते. तो जपण्याची जबाबदारी एकट्या तरुणाच्या बचत खात्यावर टाकणे ना त्याच्या हिताचे, ना मंडळाच्या.