अग्रक्रम आणि वाटा

मराठीच्या अध्यापकाने संगणकजालावर बोलावे, याचे नवल वाटेल. परंतु या विषयात मला न्यायाचा एक जुनाच प्रश्न भेटला.

डेटा सेंटरमधील संगणकांना जोडणारे यंत्र म्हणजे स्विच. त्याच्या एकाच वाटेवरून साठवणुकीची माहिती, यंत्रांचे आपसांतील निरोप आणि सामान्य कामकाज धावत असते. माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर 3 बिटांची खूण करता येते; तीतून 0 ते 7 असे 8 अग्रक्रम सिद्ध होतात. मात्र केवळ अग्रक्रमच पाळला, तर गर्दीत वरचा वर्ग सारी वाट व्यापतो आणि खालचा ताटकळत राहतो.

यास्तव 2011 च्या ‘आयईईई 802.1क्यूएझेड’ या मानकाने वर्गांचे गट पाडून त्यांना टक्केवारीने वाटे देण्याची सोय केली. समजा, वाट सेकंदाला 10 गिगाबिटांची आहे आणि तीन गटांचे वाटे 50, 30 व 20 टक्के ठरविले. मग कितीही गर्दी होवो, शेवटच्या गटाचे 2 गिगाबिट अबाधित राहतात. कोणाचा वाटा रिकामा असेल, तर तो तेवढ्यापुरता इतरांना मिळतो. मूळ धनी येताच त्याचा त्याला परत जातो. वाटे किती, हे मात्र माणसानेच ठरवावयाचे असते.

अध्यापनकाळी मी पुढच्या बाकावरील उंचावलेल्या हातांनाच आधी बोलावीत असे. मागच्या बाकाची पाळी येण्यापूर्वीच घंटा होई. तासातील काही मिनिटे त्यांच्यासाठी राखून ठेवावयास हवी होती, हे मला फार उशिरा उमगले.